घोडी न दाखवता घेतलेलं खोगीर

माझ्या घोडीच्या पाठीवर, मान संपते तिथे, दोन्ही बाजूंना तळहाताएवढे पांढरे डाग आहेत. बाकीचं अंग तांबूस. नवख्या माणसाला ती जन्मखूण वाटते. मी कोणाचा गैरसमज दूर करत बसत नाही.

वरातीत डोक्यावर दिवे वाहण्यापासून सुरुवात करून मी स्वतःच्या घोडीपर्यंत आलो. रामाकोना गावच्या टांगेवाल्याकडून ती घेतली. बुटकी, जाड मानेची, आखूड पायांची, आणि पाठ चांगली रुंद. ‘वरातीच्या घोडीचा बांधा असा असतो काय?’ म्हणत त्या रुंदीवरच मी भाव पाडला. घरी आणली तर शेजारी म्हणाला, "भाऊ, घोडी आणली का बाज? हिच्यावर तं अख्खी वरात बसन." मी त्याला चार शिव्या दिल्या.

मग खोगीर घ्यायला पांढुर्ण्याला गेलो. खोगीर बनवणारा म्हातारा म्हणाला, "घोडी आणा भाऊ, माप घेतो."

मी सौद्याला जनावर नेत नाही. आपली गरज समोरच्याला दिसली की भाव चढतो. म्हणालो, "माप काहाले? माझ्या खांद्याएवढी उंच हाय."

"उंचीनं का होते? पाठ किती रुंद हाय, ते सांगा."

"तुले विकाचं हाय का नाही?" मी असा ओरडलो की शेजारच्या दुकानातली माणसं बाहेर आली. म्हाताऱ्याने मुकाट्याने टांगलेलं तयार खोगीर उतरवलं. उंच, सडपातळ घोडीसाठी केलेलं होतं ते. लगामासकट, मी सांगितलेल्या भावात. मी जिंकून घरी आलो.

पोटाखालचा पट्टा पुरेना, म्हणून मी दोरी जोडली. लगाम कानामागे रुतत होता. वापरून सैल होईल म्हटलं. वर मखमली झूल टाकली की सगळं झाकलं जायचं. वरातीहून रात्री येऊन अंधारातच खोगीर उतरवायचो, पाठ कोण पाहतो?

पहिल्याच वरातीत घोडी नाचली. पाय आपटायची, मान झटकायची, जागच्या जागी गिरकी घ्यायची. लोकांनी मोबाइल वर धरले, बँडवाल्यांनी ठेका वाढवला. सौसरपर्यंत बोलबाला झाला आणि नाचणारी घोडी म्हणून मी जास्तीचं मागू लागलो.

बायको एकदा म्हणाली, "अजी, ते नाचून नाही राहिली. दुखून राहिलं तिले. झूल काढून पाहा ना."

"तुले का समजते घोड्यातलं?" मी म्हणालो.

मोहगावच्या वरातीत घोडी नवरदेवासकट भर रस्त्यात खाली बसली. नवरदेवाला काही झालं नाही. तिथेच मी झूल काढली, खोगीर उतरवलं. खोगिराच्या लाकडी सांगाड्याने पाठ दोन्हीकडून चिमटीत धरली होती. कातडी सोलून आतलं लाल मांस दिसत होतं.

जखमा भरून तिथे पांढरे केस आल्यावर मी घोडीला चालवत म्हाताऱ्याकडे नेलं. त्याने तिच्या पाठीवर जाड तार वाकवली, ती कागदावर ठेवून रेघ ओढली, आणि शेजारी माझ्या खोगिराची रेघ ओढली. दोन्हींत चार बोटांचा फरक होता. कागद त्याने माझ्यापुढे सरकवला. म्हाताऱ्यावर मला अजून राग आहे. त्या पहिल्या दिवशी त्याने खोगीर विकायलाच नको होतं. मी शिव्या दिल्या असत्या, दुसरीकडे गेलो असतो. पण तो जाणता होता, त्याने विकलं कसं?

नवं खोगीर मापाचं आहे. रुंद, आतून मऊ. पट्टा पुरतो, लगाम कुठे रुतत नाही. पण दोन वर्षं झाली, घोडीने ते पाठीला लागू दिलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, पाठ बरी आहे. मी गूळ दिला, नुसतं पोतं टाकून पाहिलं, तास तास हात फिरवला. आता त्यातलं काही करत नाही.

परवा एक जण घोडी ठरवायला आला. "नाचणारी हेच काय भाऊ?"

"निंघ इथून," मी म्हणालो.

तो गेल्यावर भिंतीवरचं खोगीर धूळ झटकायला उतरवलं. घोडी माझ्याकडे पाहतही नव्हती. पट्ट्याची कडी वाजली, आणि त्या पांढऱ्या डागांवरची कातडी थरथरू लागली.