लांब बाहीचा कोट

धम्मानंद चिडका आहे हे त्याच्या कढईलाही माहीत. कोबी जाड चिरलेला दिसला की तो चिरणाऱ्याला म्हणतो, "हे बैलाले चारून राहिला का गा?" सावनेरला चायनीजच्या गाडीवर हात बसला, मग चौदा वर्षं मधुसूदन केटरर्सकडे. बोर्डावर 'एशियन नूडल्स, मेडिटेरेनियन टच' लिहितो मधुसूदन. तो टच देतो धम्मानंद.

नूडल्स जरा कच्च्याच उतरवायच्या, तेल लावून ताटात पसरायच्या. भाज्या मोठ्या आचेवर उडवायच्या, करकरीत राहिल्या पाहिजेत. ऑलिव्हचं तेल मात्र शेवटी, आच बंद केल्यावर. "त्याले आगीवर टाकलं तं जळते, कडू होते," हे त्याने मधुसूदनला शंभरदा सांगितलं असेल. वरून काळे ऑलिव्ह, लिंबू, चुरलेलं ओरेगॅनो.

त्या दुपारी लॉनवर लकडगंजच्या एका व्यापाऱ्याच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. भाज्या चिरून झाल्या, नूडल्स पसरल्या, आणि मधुसूदन एक पांढरा कोट घेऊन आला. लांब बाहीचा, टेरिलिनचा.

"हे काय?"

"घालून घे. माणसं जुन्या वळणाची हायेत. तुले समजते ना."

धम्मानंदच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत 'जय भीम' गोंदलेलं. अठराव्या वर्षी, दसऱ्याला, दीक्षाभूमीच्या गर्दीत. त्याचा आजा नत्थू छप्पन साली त्याच मैदानात उभा होता.

"नाही समजत. समजावून सांग."

"काहून वाढवून राहिला बे? एका दिवसाचीच तं गोष्ट हाय."

"माह्या हातचं चालते, हात नाही चालत?"

मधुसूदनने कोट त्याच्या खांद्यावर टाकला. धम्मानंदला वाटलं, झारा फेकून निघून जावं. पण केलेलं अन्न टाकून जाणं त्याला कधी जमलं नाही. त्याने कोट घातला. दात असे आवळले की कानशिलं दुखली.

रांग लागली. "भैया, ये जामुन है क्या?" एका बाईने विचारलं.

"ऑलिव्ह आहे, ताई. खाऊन पाहा."

तिसऱ्या खेपेला त्याने कढई उडवली, जाळ कडेवरून वर आला आणि बाही पेटली. टेरिलिन वितळून मनगटाला चिकटलं. त्याने ओरबाडून कोट काढला, पाण्याच्या बादलीत हात बुडवला. बाहेर काढला तेव्हा 'जय'च्या खाली चामडी लाल झाली होती. अक्षरं होती तशीच.

मधुसूदन दुसरा कोट घेऊन धावत आला. "घाल, घाल लवकर!"

धम्मानंदने शेगडी बंद केली.

"तू घाल. अन् तूच उडव."

रांगेतून ओरड झाली, "अरे भाई, कितना टाइम?" मधुसूदनने कढईकडे पाहिलं, मग रांगेकडे. कोट काखेत मारला. "कर बाबा चालू."

शेगडी पेटली. रांगेतल्या सफारीवाल्या एका म्हाताऱ्याने त्या हाताकडे पाहिलं, रिकामी प्लेट टेबलावर ठेवली आणि शेजारच्या पावभाजीकडे सरकला.

"शेठजी!" धम्मानंद सगळ्या लॉनला ऐकू जाईल असा ओरडला. "मघाशी दोनदा घेऊन गेले ना? तेव्हा गोड लागलं!"

म्हातारा वळला नाही. मागची बाई एक पाऊल पुढे आली, प्लेट धरून. "मेरे में जामुन ज़्यादा डालना, भैया."

त्याने आच पूर्ण वाढवली. भाजलेलं मनगट चरचरत होतं, आणि तो कढई त्याच हाताने उडवत राहिला.