डबीला शिकवलेले शब्द

मखमलाबादच्या शिवारात चंद्रभागाबाईंचं गुलाबाचं पॉलिहाउस होतं. आत शिरलं की मे महिन्याची दुपारही दुधात बुडवून काढल्यासारखी वाटायची. २००७ साली त्या उजेडात त्यांची लेक शुभांगी फुलांच्या क्रेटवर जुना कॉम्प्युटर मांडून बसायची. त्याची वायर प्लास्टिकच्या डबीत जाई. डबीत बोटाच्या पेराएवढी चिप होती आणि फवाऱ्याचा पंप तिच्या ताब्यात होता.

चंद्रभागाबाईंच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनला आणखी थांबलात तर डोळा गमवाल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पण बाई ढिम्म हलेनात.

"मी आठ दिवस नसले तर फवारा कधी सोडायचा, ते कोण सांगंल? तुझी डबी?"

"हो, डबीच. तू मला सांग, मी तिला सांगते."

शुभांगीची तऱ्हाच न्यारी होती. कॉम्प्युटरवर एडिटरच्या खिडकीत एक ओळ लिहायची, कळ दाबायची, की ती ओळ वायरीतून चिपकडे जायची आणि त्याच खिडकीत चिपचं उत्तर उमटायचं. नवा शब्द एकदा समजावला की चिपला तो येऊ लागे. आई हवेत मनगट धरून झाडांबद्दल "गुदमरली" म्हणाली, की शुभांगी ऊन आणि दमटपणा मोजायची आणि 'गुदमरली' म्हणजे काय ते चिपला सांगायची. मग पुन्हा तशी हवा झाली की फवारा आपोआप सुटायचा. धुकं पसरायचं, त्यात लाल कळ्या तरंगायच्या, आणि आपण कोणाशी बोलतोय, आईशी की चिपशी, याचं शुभांगीला भान उरायचं नाही. लय सुखाचे दिवस होते ते.

एकदा संध्याकाळी पाचला फवारा सुटला आणि बाई कडाडल्या.

"अगं, ओल्या अंगानं झोपवतीस व्हय त्यांना? डावणीची बुरशी पडंल ना पानांवर!"

चूक शुभांगीची होती. तिनं ऊन मोजलं, वेळ विचारलीच नव्हती. तिनं बसल्या जागी 'निजवेळ' हा शब्द लिहिला, चारनंतर पाणी नाही असा त्याचा अर्थ सांगितला आणि कळ दाबली. पंप बंद झाला.

"लगेच ऐकलं?" बाई डबीकडे बघत राहिल्या. "तुला एक गोष्ट सांगून सांगून माझा घसा बसायचा." मग आवाज खाली आला. "समदंच शिकली ही, तर मंग माझं काय काम उरलं गं?"

आई का अडून बसली होती ते शुभांगीला आत्ता कळलं. तिनं आईचा हात धरला. "तू जा, आणि आल्यावर आमच्या चुका काढ." दुसऱ्या दिवशी बाई दवाखान्यात गेल्या.

नवव्या दिवशी काळा चष्मा लावून त्या पॉलिहाउसमध्ये आल्या. गुलाब टवटवीत होते, फवारा वेळेवर सुटत होता. त्यांनी एक पान उलटलं, चष्मा वर केला आणि किंचाळल्या, "शुभे, लाल कोळी! कीड पार चार ओळींत शिरलीय. तुझ्या डबीनं सांगितलं नाय?"

"डबीला डोळे नाहीत, आई."

बाईंनी पदर खोचला आणि पुढचं पान उलटलं.