दंडाचं माप
शिंप्याच्या गळ्यात टेप दिसली की मला ती पोरगी आठवते. मी गावात आशाताई, तिच्या टीबीच्या गोळ्या घरी पोचवायचे. अलीकडं त्या तिची आईच दारात घ्यायची. त्या दिवशी मात्र आईनं माझा हात धरून आत ओढलं. "पोरीला बघाय पावणं आल्यात. ब्लाऊज शिवणाऱ्या बाई हायत म्हणून सांगिटलंय, तेवढं संभाळा की!" सोप्यात पोह्यांचा वास, पाहुण्यांचे मोठमोठे आवाज. आईनं हातात टेप कोंबली, आणि मी खरंच पाहुण्या बायकांसमोर माप घ्यायला लागले. दंडाला टेप गुंडाळली. औषधानं भरत आलेला दंड पुन्हा काडीसारखा झाला होता. मी तिच्या कानाशी वाकले, "गोळ्या?" ती पुटपुटली, "सोडल्या. खोकला थांबलाय की. आन् त्येनं लघवी लाल हुती, सासरी कळंल." तेवढ्यात मुलाची आई म्हणाली, "बारीक हाय व्हय पोरगी?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी दंडाचं माप मोठ्यानं सांगितलं, दोन इंच वाढवून. लग्न झालं, ती मलकापूरकडं गेली, तिचा फोन लागेनासा झाला. यंदा आमच्या गावाला टीबीमुक्त म्हणून प्रमाणपत्र मिळालं. सरपंचांच्या शेजारी फोटोत मीही हसतेय. माझ्या वहीत आता एकही पेशंट नाही. ती तिकडं कुणाच्या वहीत आहे का, हे मी अजून विचारलेलं नाही.