बेडूक त्यांचा, मासा दुसऱ्याचा

मरळ माशाच्या मनात काय चाललंय हे छातीठोकपणे सांगू शकणारे जीव या पृथ्वीवर दोनच आहेत. एक खुद्द मरळ आणि दुसरे माझे साडू. त्यातही मरळीला स्वतःबद्दल कधीमधी शंका येत असेल, साडूंना येत नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. शहागंजात त्यांचं जळक्या मोटारी रिवाइंड करून देण्याचं दुकान आहे, आणि मोटारींवर तांब्याची तार गुंडाळून जो वेळ उरतो तो ते गळाच्या रिळावर दोरा गुंडाळण्यात घालवतात. खरं तर हे वाक्य उलटं लिहायला हवं होतं, पण त्यांची गिऱ्हाइकं हे वाचण्याची शक्यता आहे. आमच्या सासरकडे साखरपुडा ठरवायचा झाला की आधी पंचांग बघतात आणि मग साडूंना फोन करतात. कारण त्या रविवारी तलावाचं पाणी निवळलेलं असलं तर साडू येणार नाहीत, आणि साडू नसले तर कार्यालयातला कूलर बंद पडल्यावर बघायचं कुणाकडे, हा तिथला खरा प्रश्न असतो.

साडूंचा गुरू अमेरिकेत असतो. हा टोपीवाला गुरू मोबाइलच्या पडद्यावर होडीत उभा राहून बास नावाचा मासा पकडतो आणि पकडताना अखंड बोलतो. साडूंना इंग्रजी येत नाही, पण त्यावाचून त्यांचं कधी अडलं नाही. आवाज बंद करूनच ते व्हिडिओ लावतात आणि मला शेजारी बसवून सांगतात, "त्याच्या तोंडाकडं नका बघू पाव्हणं, मनगटाकडं बघा." आपल्याकडे बास नाही अशी हळहळ कुणी व्यक्त केली की त्यांना ते मुळीच खपत नाही. बास म्हणजे अमेरिकेत दिलेली मरळीची चुलत बहीण, असं त्यांचं म्हणणं. तशीच रागीट, तशीच शेवाळाखाली दबा धरून बसणारी, फक्त तिकडच्या पाण्यात जरा खाऊनपिऊन सुखी. बहिणीला जे आवडतं ते हिलाही आवडणार, या न्यायाने त्यांनी तिकडचा रबरी बेडूक इकडे आणला. पोकळ अंगाचा, पाठीवर दोन गळ दडवलेला हा बेडूक शेवाळावरून टुणटुण ओढत आणायचा आणि मरळीने त्यावर झडप घालायची, अशी ती योजना असते. पण विकतचा बेडूक मराठवाड्याच्या शेवाळावर चुकीचा चालतो असं निदान करून साडू स्वतःच बेडूक घडवायला लागले, आणि तिथून त्या घरातल्या वस्तूंना उतरती कळा लागली.

रबरी चपलेच्या टाचेचा भाग बेडकाच्या पोटाला फार चांगला. त्यामुळे त्यांच्याकडे गेलेला माहीतगार पाहुणा चपला हातात घेऊनच आत शिरतो. बेडकाचे पाय म्हणून जे झुपके लावतात ते फुग्यांचे असतात, आणि नातवंडांच्या वाढदिवसाला फुगे नेहमी कमी पडतात. ताईंना, म्हणजे माझ्या मेव्हणीला, लग्नात मिळालेले जुन्या घडणीचे स्टीलचे चमचे पाण्यातून ओढले की थेट चंदेरी मासळीसारखे गरगरतात, हा शोध लागल्यापासून त्या घरात पोहे बोटांनी खाल्ले जातात. ताई आल्यागेल्याला सांगतात की आमच्याकडे पूर्वीपासून असंच आहे. घडवलेला प्रत्येक बेडूक गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत पोहवून बघायचा हा नियम. एकदा मी त्यांच्या बेसिनवर तोंड धूत असताना नळातून हिरव्या रबराचा एक बारीक पाय बाहेर आला. मी तो साडूंना नेऊन दिला, तेव्हा त्यांनी तो उजेडात धरून "हा नरमच होता" एवढाच शेरा मारला.

नेमाचा सराव गच्चीवर चालतो. एका कोपऱ्यात घमेलं ठेवायचं, दुसऱ्या कोपऱ्यातून गळाचा रॉड फिरवायचा, आणि बेडूक घमेल्यात उतरवायचा. बेडूक पडला पाहिजे तो झाडावरचं पान पडल्यासारखा, वीट टाकल्यासारखा नव्हे. एका वाऱ्याच्या दिवशी तो शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या लुंगीत जाऊन अडकला आणि साडूंनी सवयीने असा काही झटका दिला की लुंगी गल्ली ओलांडून इकडे आली. शेजारचे चाचा भला माणूस. ते शांतपणे जिना चढून वर आले आणि म्हणाले, "भाऊ, आज लुंगी फँसी, कल मैंच फँसूंगा." साडूंनी माफी मागितली, लुंगी घडी करून दिली, आणि चाचा जिना उतरायच्या आत मला सांगितलं की वारा आडवा असूनही बेडूक अगदी मधोमध लागला होता.

मला त्यांनी शिष्य करून घेतलं ते माझ्या अंगच्या गुणांमुळे नव्हे, माझ्याकडे मोठी गाडी आहे म्हणून. तिच्यात रॉड आडवे मावतात. माझ्या हाताला शिस्त नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. मरळीने बेडकावर झडप घातली की लगेच ओढायचं नसतं. ती आधी त्याला तोंडात धरते, मग खाली जाते, मग गिळते. तोवर माणसाने श्वास धरून थांबायचं आणि मग झटका द्यायचा. मी मात्र पाणी फुटलं की दचकून ओढतो, बेडूक तोफगोळ्यासारखा परत येतो आणि माझ्या पोटावर आदळतो. माझं पोट हे चुकवण्यासारखं लक्ष्य नाही. "तुम्ही मासा नाय धरत पाव्हणं, त्याला घाबरवता," असं साडू म्हणतात. तरी दर रविवारी मला नवा बेडूक देतात.

तसे ते सगळ्यांनाच देतात. शहरातल्या हौशी गळवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, 'गळाभेट' नावाचा. त्यात एक दाताचे डॉक्टर आहेत, एक कंत्राटदार, दोन प्राध्यापक, आणि कुणाच्या तरी चुकीने आलेला एक विमा एजंट. कुठला दोरा घ्यावा, गाठ कशी मारावी, ढगाळ हवेत काळा बेडूक चालवावा की पिवळा, हे सगळं साडू तिथं हातचं राखून न ठेवता सांगतात, आणि बेडूक फुकट वाटतात. अट एकच, मासा लागला की फोटो पाठवायचा आणि मासा पाण्यात सोडायचा. ते फोटो मोठे करून त्यांनी दुकानात लावलेत. डॉक्टर आणि त्यांची मरळ, कंत्राटदार आणि त्यांची मरळ, पैठणच्या पाण्यातली मरळ, असा तो भिंतभर मेळावा आहे. साडूंना स्वतःला हातभर लांबीच्या मरळी कितीतरी लागल्या, पण तसल्या माशाबरोबर स्वतःचा फोटो लावला तर दुकानाची किंमत कमी होते, असं त्यांचं मत. मोटार घेऊन आलेलं एक गिऱ्हाईक एकदा भिंत निरखून म्हणालं, "इसमें आप कहाँ हैं सेठ?" साडूंनी बोट ठेवून दाखवलं, "मुँह में बेडूक दिख रहा ना? वो हमारा."

स्वतःचा फोटो मात्र त्यांनी एकाच मरळीसाठी राखून ठेवला होता. कन्नडच्या रस्त्याने जाऊन आत वळलं की बाभळींच्या आड एक पाझर तलाव आहे. तिथली ती जुनी मरळ, शेपटीचा वरचा कोपरा तुटलेली. तिने साडूंचा दोरा तोडला होता, बेडूक पळवले होते, आणि एकदा तर त्यांच्या देखत बेडूक तोंडात घेऊन तो थुंकून दिला होता. साडूंना याचा राग नव्हता, उलट कौतुक होतं. "ती मला ओळखते," ते म्हणायचे. "पण लागणार ती माझ्याच हाताला. फक्त दिवस ठरायचाय."

दिवस ठरला तो भलताच. यंदा उजवा खांदा दुखायला लागला आणि दुखतच राहिला. दवाखान्यात तपासण्या झाल्या आणि ऑपरेशनची तारीख गणपतीनंतरची मिळाली. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं की ऑपरेशननंतर हात जेवायला, लिहायला, दुकानातल्या कामाला येईल, पण खांद्याच्या वर उचलून फेकायचं मात्र विसरा. साडूंनी बाहेर आल्यावर मला फक्त एवढं विचारलं की गणपतीपर्यंत रविवार किती येतात. मी म्हणालो, रोज सकाळी जाऊ. माझ्या साहेबांना हे अजून माहीत नाही.

आणि श्रावणातल्या एका सकाळी ती दिसली. शेवाळाच्या मोकळ्या फटीत पाण्यावर कुंकू सांडल्यासारखा तांबूस ठिपका होता, आणि तो हलत होता. नीट पाहिलं तर बोटाच्या पेराएवढी असंख्य पिलं एकमेकांना चिकटून वरखाली करत होती. त्यांच्या बरोबर खाली, सावलीसारखी, ती. तुटकी शेपटी मलासुद्धा दिसली. बेडूक टाकायला याहून जवळची जागा असूच शकत नव्हती. मी साडूंच्या हातात रॉड दिला. त्यांनी तो घेतला, बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले, आणि दोऱ्याला बांधलेला बेडूक सोडून खिशात टाकला. पिलांवर असलेल्या मरळीवर गळ टाकायचा नाही, हा 'गळाभेट'चा नियम त्यांनीच घातलेला. त्या वेळी ती भुकेने येत नाही, जवळ येईल त्याला हाकलायला येते, आणि ती गेली की इतर मासे ती पिलं तासाभरात संपवतात. मी आपला गणपतीचा विषय काढला. त्यांनी तो ऐकलाच नाही.

त्यानंतर ते रोज सकाळी तिथं जायचे ते मासा धरायला नव्हे, राखण करायला. काठावर घडीची खुर्ची, डोक्यावर छत्री. हात रिकामा राहू नये म्हणून रॉड, आणि त्याला गळ काढून टाकलेला ताईंचा एक चमचा. येणाऱ्याजाणाऱ्याला माशांच्या गोष्टी सांगत थांबवून ठेवणारा हा माणूस आता कुणी विचारलं तर "इथं काय नाय हो, शेवाळ हाय नुसतं" असं तोंड कडू करून सांगू लागला. पिलं वाढत होती, आणि गणपती जवळ येत होते. साडू दोन्हींकडे पाहत खुर्चीत बसून होते.

मग एक दिवस दाताचे डॉक्टर आले. साडूंचा सगळ्यात लाडका शिष्य. पाणी बघून त्यांच्या लक्षात सगळं आलं. माणूस मनाने चांगला, आणि त्या चांगुलपणातूनच पुढचं सगळं घडलं. त्यांनी आधी साडूंना विनवलं. नियम आपल्यासाठी असतो, तुमच्यासाठी नाही, असं म्हणाले. एकदाच टाका, फोटो काढतो, लगेच सोडून देऊ, कुणाला कळणार नाही.

"आत्ता ती जोडा टाकला तरी धरील, डॉक्टर," साडू म्हणाले. "त्यात माझा बेडूक कुठं आला?"

डॉक्टरांनी आपला रॉड उचलला. मग म्हणाले, "तुम्ही नाही टाकत ना भाऊ, मग मी टाकतो. फोटोत तुम्ही धरा." आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी रॉड मागे नेऊन फिरवला. साडूंनीच दिलेला हिरवा बेडूक त्या तांबूस ठिपक्याकडे निघाला.

साडूंचे नेम मी खूप पाहिलेत, पण तसा कधी पाहिला नाही. खुर्चीवरून उठता उठताच त्यांचा हात पूर्ण वर गेला, डोक्यामागून फिरला, आणि चमचा उन्हात लखलखत हवेत बेडकाच्या पुढे गेला. एक दोरा दुसऱ्यावर आडवा पडला, गिरकी बसली, आणि बेडूक आणि चमचा एकमेकांना मिठी मारून अलीकडच्या चिखलात पडले. पिलांचा ठिपका हललासुद्धा नाही. साडू मात्र खांदा धरून खाली बसले. चेहरा पांढरा पडला होता. मी धावत जवळ गेलो तर हळूच म्हणाले, "बसला ना बरोबर?"

बसला होता, असं मी सांगितलं. दोन्ही दोरे इतके गुंतले होते की सोडवायला कुणाला धीर नव्हता, म्हणून डॉक्टर आणि साडू दोघांचेही रॉड खिडकीबाहेर काढून आम्ही एकाच गाडीतून दवाखाना गाठला. डॉक्टर सबंध रस्ताभर रडवेले होऊन माफी मागत होते, आणि साडू त्यांना त्यांच्या फेकीत मनगट कुठं चुकलं ते समजावून सांगत होते. ऑपरेशन गणपतीच्या आधीच झालं.

आता पिलं पांगलीत. मरळ मोकळी झाली, आणि नियमाप्रमाणे तिच्यावर बेडूक टाकायला हरकत नाही. आम्ही अजूनही रविवारी जातो. साडू खुर्चीत बसतात, रॉड माझ्या हातात असतो. मरळ हवा घ्यायला वर येते, पलीकडच्या कमळाच्या पानांत पाणी बुडुक करून फुटतं, तेव्हा त्यांचा उजवा हात आपोआप मांडीवरून उचलला जातो. खांद्यापर्यंत येतो आणि तिथंच थांबतो. क्षणभर ते त्या हाताकडे दुसऱ्या कुणाचा असावा तसं बघतात. मग त्याच हाताचं बोट पाण्याकडे करून म्हणतात, "त्या पानाच्या पल्याड, पाव्हणं. मनगट ढिलं सोडा."

मी सोडतो.