वेढ्यातल्या माणसांच्या इतिहासकार : प्रा. शकुंतला मोकासे

प्रा. शकुंतला मोकासे यांना मी प्रथम जवळून पाहिले ते देवगिरी किल्ल्यावरच्या अंधारीत. बी.ए.ला मी नुकताच प्रवेश घेतला होता आणि बाई आम्हाला किल्ला दाखवायला घेऊन गेल्या होत्या. त्या काळोख्या, वळणावळणाच्या वाटेत शिरताच आम्ही मुलांनी आरोळ्या ठोकायला सुरुवात केली. बाईंनी सगळ्यांच्या बॅटऱ्या विझवायला लावल्या.

"आता कुणी बोलू नका," त्या म्हणाल्या. "वाट कुठं वळते ते माहीत नाही, वर कोण उभं आहे ते दिसत नाही आणि मागचा माणूस तुम्हाला पुढं ढकलतोय. असं समजा आणि उभे राहा."

थोड्याच वेळात माझ्या शेजारच्या मुलाने माझा दंड घट्ट धरला. बाहेर उजेडात आल्यावर कुणी हसले नाही. बाई एवढेच म्हणाल्या, "पुस्तकात याची एक ओळ होते. 'शत्रूने गड घेतला.'"

देवगिरी पडली आणि दख्खनची दिशा बदलली, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. बाईंनी आयुष्यभर अशाच वळणांचा अभ्यास केला. पण त्यांचे लक्ष तहाच्या कलमांपेक्षा तटाच्या आत अडकलेल्या माणसांकडे राहिले. वेढ्याच्या वेळी कोठारातल्या गोण्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, अशी कथा इकडे सांगतात. ती खरी असल्याची ग्वाही बाईंनी कधीच दिली नाही. त्या वर्गात विचारत, "खरी असेल, तर पहिली गोणी उघडणाऱ्यानं ती बातमी आधी कुणाला सांगितली असेल? राजाला, की घरी?" या प्रश्नावर आमचे तास संपून जात.

मुक्तिसंग्रामाच्या आठवणी गोळा करायला त्या कन्नड तालुक्यातली गावे पायी हिंडल्या. एकदा मी सोबत होतो. रझाकारांच्या दिवसांबद्दल सांगता सांगता एक आजी मध्येच गप्प झाल्या. बाईंनी रेकॉर्डर बंद करून पिशवीत टाकला आणि त्यांच्यासमोरच्या सुपातल्या तुरीच्या शेंगा सोलायला घेतल्या. त्या दिवशी आम्ही काहीही न नोंदवता परतलो. मी चुळबुळ केली, तेव्हा त्या म्हणाल्या, "ते त्यांचं आहे. द्यायचं की नाही, त्या ठरवतील."

आता ज्या प्रसंगामुळे मला बाई खऱ्या अर्थाने कळल्या, तो सांगतो. त्याला फार वर्षे झालेली नाहीत.

पिशोरच्या पुढे एका गावात वेशीजवळ एक वीरगळ आहे. लढाईत मेलेल्या वीराचा तो दगड. खालच्या चौकटीत गुरे आणि झुंज, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा आणि सगळ्यात वर पिंडीपुढे हात जोडून बसलेला वीर. गावातल्या दोन वस्त्यांत त्यावरून तेढ पडली. तो वीर आमचाच पूर्वज, असे दोघांचेही म्हणणे. जत्रा जवळ आली, तशी वरच्या वस्तीने खालच्या वस्तीची वाट बाभळीचे काटे टाकून अडवली. अखेर दोन्ही बाजूंनी बाईंना बोलावले. तेव्हा त्या निवृत्त झालेल्या होत्या. आपल्या मुलखातले बोलावणे म्हणून त्या निघाल्या आणि मी सोबत गेलो.

बाईंनी दगड पाहिला, धुवायला लावला, पुन्हा पाहिला. मग उन्हातून सावलीत म्हणून आम्ही शाळेच्या खोलीत बसलो. आमच्याबरोबर खालच्या वस्तीचा विष्णू आणि त्याची माणसे होती. बाई म्हणाल्या, "दगडावर नाव नाही. तो कुणाचा, हे मला सांगता येणार नाही."

ही बातमी बाहेर गेली ती भलत्याच रूपात. बाईंनी खालच्या वस्तीला कौल दिला, असे कुणीतरी उठवले. बघता बघता शाळेभोवती वरची वस्ती गोळा झाली. कुणीतरी दाराला बाहेरून कडी घातली. पत्रे तापले होते, माठात पाणी नव्हते आणि फोनला रेंज नव्हती. वरच्या वस्तीचा पुढारी भगवान खिडकीशी आला.

"बाई, लई झालं. वीर आमचा हाय, अशी एक ओळ लिवून द्या आन् जा. तुमाला कुनी हात लावनार नाय."

"भगवान, मी पिशोरची लेक हाय. जे दगडावर नाय, ते मी कसं लिवू?"

इकडे आत विष्णूने कोपऱ्यातली लोखंडी पहार उचलली. "बाई, सरका. दार मोडतो. एकेकाला बघतोच."

बाई उठून दारासमोर उभ्या राहिल्या. सत्तरीच्या घरातली, ठेंगणी बाई. पण विष्णू थबकला.

"तू बाहेर गेलास की काय व्हईल, ते तुला कळतंय का?" त्या म्हणाल्या. "आज एक मरंल. मग त्याचाबी दगड लागंल. त्याच्यावर मात्र नाव असंल, तुझं नाय तर भगवानचं."

विष्णूने पहार खाली ठेवली नाही, पण तो पुढेही आला नाही. तेवढ्यात खिडकीतून धोंडा आला आणि बाईंच्या कपाळावर बसला. रक्त भुवईवरून गालावर उतरले. मी खिडकी लावायला धावलो.

"लावू नकोस," बाई पदर कपाळाला दाबत म्हणाल्या. "लावली की बोलणं संपलं. मग उरते ती नुसती मारामारी."

त्या तशाच खिडकीशी गेल्या. बाहेरचा गलका एकदम उतरला. भगवानने त्यांचा चेहरा पाहिला आणि वळून ओरडला, "कुनी मारला रं? मागं व्हा! समदे मागं व्हा!"

"भगवान, पाणी घेऊन आत ये. एकटा ये," बाई म्हणाल्या.

तो आला. हातात कळशी होती. कडी निघाली तेव्हा विष्णूच्या हातात पहार होतीच. बाईंनी आधी विष्णूला पाणी प्यायला सांगितले. त्याने भगवानकडे पाहिले, बाईंच्या पदराकडे पाहिले, मग पहार भिंतीला टेकवून ओंजळ पुढे केली. भगवानने पाणी ओतले.

"आता आधी वाट मोकळी कर," बाई त्याला म्हणाल्या. "दगडाचं नंतर बघू. तो कुठं पळून जात नाय."

"आन् गावाला काय सांगू?"

"सांग, बाईला सांगता येत नाय म्हणून."

काटे संध्याकाळच्या आत निघाले. कन्नडच्या दवाखान्यात बाईंना टाके पडले. पोलिसांनी विचारले तेव्हा बाई म्हणाल्या, धोंडा कुणी मारला ते मी पाहिले नाही. आणि तेही खरेच होते.

सगळे गोड झाले, असे मात्र नाही. त्या वर्षी वीराची जत्रा भरलीच नाही. दोन्ही वस्त्यांनी बाईंना दोष दिला. निकाल दिला नाही म्हणून शहरातही काहींनी त्यांना भित्र्या म्हटले, ठरलेली दोन व्याख्याने रद्द झाली. फोनवरून आलेल्या शिव्या त्यांनी शांतपणे ऐकून घेतल्या. पुढे वीरगळांवरचे त्यांचे पुस्तक आले. त्यात त्या दगडाखाली 'अज्ञात वीर' एवढेच छापले आहे. जत्रा मात्र आता पुन्हा भरते आणि नारळ दोन्ही वस्त्या फोडतात. आधी कोण, यावर अजून कुरबुर होते. पण काटे कुणी टाकत नाही.

बाईंच्या मायेविषयी मी काय लिहावे? पुढे मीही प्राध्यापक झालो. माझे वडील इस्पितळात होते, तेव्हा माझे तास त्या स्वतः येऊन घेत होत्या. मला ते विद्यार्थ्यांकडून कळले. शहरातल्या गारखेडा भागातल्या त्यांच्या घरी खेड्यातून आलेली एखादी मुलगी नेहमी अभ्यासाला असते. बाई तिला जेवू घालतात आणि शुद्धलेखनावरून रागावतातही तितक्याच.

बाई आता पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. गुडघे कुरकुरतात, तरी वेढ्यातल्या गडांवर पाणी भरणाऱ्या, दळणाऱ्या, जखमा बांधणाऱ्या बायकांवर त्यांचे लेखन रोज सकाळी चालू असते. बाई, हे काम तुमच्या हातून मनासारखे पुरे होवो. त्यानंतरचेही काम तुम्हाला सुचो आणि ते करायला निरोगी शरीर व पुष्कळ वर्षे मिळोत. हल्ली जुन्या लढाया लोक नव्याने लढू पाहतात आणि आम्हालाही भर सभेत जोराने बोलायचा मोह होतो. अशा वेळी पहिल्या रांगेत तुम्ही बसलेल्या असा, आणि पुरावा नसलेले वाक्य तोंडातून निघाले की हात वर करून आम्हाला तिथल्या तिथे थांबवा.