मारुतीच्या छातीला पाणी

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच. आज का लिहितेय — सकाळपासून मोबाइलवर दुतोंड्या मारुतीचे फोटो येताहेत, म्हणून असेल.

आम्ही पंचवटीतले गोदावरीला गंगाच म्हणतो. गंगेला पूर आला की पात्रातल्या त्या उंच मारुतीकडे बघायचं. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला. कमरेला लागलं की घाटावरच्यांनी आवरायचं. धरणातून किती सोडलं ते बातम्यांत काही सांगोत, आमचं माप तेच.

आई घाटावर फुलं आणि द्रोणातले दिवे विकायची. शेजारी बायजामावशी — नात्याची नाही, पण मी तिच्याच मांडीवर वाढले. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, आणि बसायची पायऱ्यांखालच्या कोनाड्यात. तिथून मारुती दिसत नाही. म्हणून पुराचा निरोप तिला आमच्या घरानं द्यायचा, हे ठरलेलंच. बाकीचे त्या भरवशावर निघून जायचे.

त्या पावसाळ्यात मी बी.कॉम. झाले होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. त्याचा अभिमान होता, आजही आहे — तो कशाला लपवू? लपवलं होतं ते वेगळंच. मैत्रिणींना मी सांगितलं होतं, आमचं मेनरोडला भांड्यांचं दुकान आहे.

आई तापानं झोपून होती. म्हणाली, "जा बाई, मारुती बघ अन् बायजाला उठव तिथनं."

मी गेले. पुलावरून बघितलं — पाणी छातीला लागत होतं. खाली उतरायचं, हाक मारायची, मावशीचा हात धरायचा, तिचं टोपलं डोक्यावर घ्यायचं. एवढंच तर होतं. पण पुलावर वर्गातल्या मुली उभ्या. "काय गं, दुकान सोडून मारुतीची आंघोळ बघायला आलीस?" मी हसले. त्यांच्याशेजारी कठड्याला टेकले. म्हटलं, या गेल्या की उतरू.

त्या गेल्या तेव्हा पायऱ्या दिसत नव्हत्या.

मी ओरडले का? नाही. कुणाला बोलावलं का? तेही नाही. घरी आले आणि आईला म्हणाले, "सांगितलं."

मावशी सापडली ती पाणी ओसरल्यावर, बरीच खाली.

इथवरच्याला भित्रेपणा म्हणता येईल. पण पुढच्याला? तिच्या दारात, सगळ्या गल्लीसमोर, तिच्या मुलानं विचारलं, "ताई, तू गेलती ना? काय म्हणाली ती?"

आणि मी — अडखळले सुद्धा नाही — म्हणाले, "लय विनवलं दादा. म्हणाली, गंगा माझ्या ओळखीची हाय, मला काय करत नाय."

तो मान हलवत राहिला. "हट्टीच होती म्हातारी."

ते वाक्य गल्लीत राहिलं. पाणी चढायला लागलं की घर न सोडणाऱ्या म्हाताऱ्यांना अजून ऐकवतात — बायजासारखं करू नका. तिचा मुलगाही ऐकवतो. आज आई शेजारणीला सांगत होती, "माझी पोर शिकलेली, तिनं परोपरीनं सांगितलं. बायजानं ऐकलं नाही." मी आत चहा गाळत होते. गाळत राहिले.

मावशी असं कधी बोललीच नाही. हट्टी नव्हती ती. निरोपाची वाट बघत बसली होती.