रोल नंबर एक

हसायचं असेल तर आत्ताच पोटभर हसून घ्या, म्हणजे मधे मधे मला थांबावं लागणार नाही. मी जो घोळ घालून ठेवलाय ना, तो हैदराबादच्या अख्ख्या अंबरपेठेत कुणी घातला नसेल. आणि कशासाठी? तर अभ्यास करायला लागू नये म्हणून!

पहिल्या वर्षाला मी बीएस्सीला होते. स्टॅटिस्टिक्स सक्तीचं. ती सरासरी, ते आलेख… माझ्या स्वप्नात यायचे हो! कशीबशी काठावर सुटले. निकाल बघून बाबा म्हणाले, "मृणाल, कॉलेज बदल, विषय बदल, काय हवं ते कर. पण यंदा एका जरी विषयात उडालीस, तर कॉलेज बंद. अफझलगंजच्या माझ्या ऑफिसात बसून दावे टाइप करायचे."

बाबा वकील. आजोबाही वकील. ते दावे मी लहानपणापासून बघत आलेय. एकेक वाक्य दीड दीड पानाचं! त्यापेक्षा जन्मठेप परवडली.

मग मी कॉलेजं शोधायला लागले. शहाणी माणसं काय बघतात? शिक्षक कसे आहेत, ग्रंथालय कसं आहे. मी काय बघत होते? सक्तीचं काय काय नाही ते! आणि सापडलं की तारनाक्याकडे एक! दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश, विषय आपले आपण निवडा, गणित नको तर नको. भाषांची ही लांबलचक यादी: तेलुगू, हिंदी, संस्कृत, उर्दू… आणि सगळ्यात खाली, मराठी.

माझे डोळेच लकाकले. घरी दिवसभर बोलतो तीच भाषा! अभ्यास नको, वर्गात बसायला नको. नुसतं परीक्षेला जायचं आणि मार्क घेऊन यायचं.

काउंटरवरच्या सलीमभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "मराठी? सोच लो बेटा. सब बच्चे संस्कृत लेते."

"नक्को भाई, मराठीच लिखो. घर में वोइच बोलते हम."

"पक्का?"

"हौ, पक्का!"

सलीमभाई गालातल्या गालात हसले. तेव्हाच मला शंका यायला हवी होती, पण हुशारी अंगात आली होती ना!

पहिल्या दिवशी वर्गात गेले. फळ्यावर रंगीत खडूने 'सुस्वागतम्'. टेबलावर ताजी फुलं. आणि सहस्रबुद्धे मॅडम, हसऱ्या चेहऱ्याने दाराकडे डोळे लावून बसलेल्या.

"बाकीची मुलं कुठायत, मॅडम?"

"बाकीची म्हणजे तूच गं! तीन वर्षांनी कुणीतरी आलंय या वर्गात," असं म्हणून त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग हजेरीपट उघडला, घसा साफ केला आणि पुकारलं, "रोल नंबर एक!" आणि वर चारी कोपऱ्यांतून नजरही फिरवली! मी समोर, दोन हातांवर.

"हजर," म्हटलं. दुसरं कोण म्हणणार?

आता तुम्हीच सांगा, वर्गात एकटीच मुलगी असेल तर तिने दांडी मारायची कशी?

बरं, एवढ्यावर भागलं नाही. शाळेत हिंदी होतं, त्यामुळे अक्षरं ओळखीची. पण मराठी मी आजवर फक्त मोबाइलवर लिहिलेली, तीही इंग्रजी अक्षरांत. धड्याचा पहिला परिच्छेद वाचायला मला अर्धा तास लागला. 'माझे शहर' या निबंधात लिहिलं, 'हैदराबाद एकदम मस्त आहे, पण ट्रॅफिकने माणूस परेशान होऊन जातो.' पुढे 'कायकू' पण होतं. वही परत आली ती लालभडक.

"ही कुठली मराठी?"

"आमच्या घरची, मॅडम!"

तिसऱ्या आठवड्यात मी मेसेज टाकला, ताप आलाय. साडेअकराला दारावरची बेल वाजली. मॅडम! एका हातात मुगाच्या खिचडीचा डबा, दुसऱ्या हातात पुस्तक.

"तू येऊ शकत नाहीस ना, म्हणून मीच आले. मला तरी दुसरं कोण आहे शिकवायला?"

झालं! हॉलमध्ये वर्ग भरला. आई येऊन बसली. बाबांना कोर्टाची सुट्टी, तेही बसले, आणि माझ्याआधी उत्तरं द्यायला लागले. शेवटी मॅडमनी वीस मार्कांची चाचणी घेतली. आई अठरा, बाबा सतरा, मी सहा.

"ताप आहे तिला," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तडक सलीमभाईंकडे गेले. "भाई, मराठी निकालो!"

"निकाल सकते ना. यहां सब बदल सकते. बस, मॅडम की साइन लाओ."

मॅडमनी माझा अर्ज दोनदा वाचला. "करते हो सही," त्या म्हणाल्या. "एकही विद्यार्थी नसला तर यंदा विभाग बंद करणार आहेत. मग मी परत ग्रंथालयात, पुस्तकांना नंबर चिकटवायला. पण तू ते मनाला लावून घेऊ नकोस हं." आणि पेनाचं टोपण काढलं.

मला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली, की रडूच फुटलं. अर्ज त्यांच्या हातातून ओढून घेतला. "चुकून दिला, मॅडम!"

मग काय, खरोखर अभ्यास केला. आई पोळ्या लाटता लाटता शुद्धलेखन घालायची, बाबा दाव्यांच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहिलेले माझे निबंध तपासायचे. निकाल लागला. बाकीचे विषय निघाले. मराठीत पास व्हायला चाळीस लागतात, मला पडले एक्केचाळीस! दाव्यांतून सुटले!

पण त्या कॉलेजात एक रीत आहे. प्रत्येक विषयात पहिल्या येणाऱ्याचा स्टेजवर सत्कार करतात. मराठीत पहिलं कोण आलं असेल? ओळखा बघू!

बाबा अकरा नातेवाईक घेऊन आले. प्राचार्य माइकवर वाचत होते. संस्कृत, अठ्ठ्याण्णव. टाळ्या. तेलुगू, त्र्याण्णव. टाळ्या. मराठी… त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला… एक्केचाळीस. सगळं सभागृह हसलं. सहस्रबुद्धे मॅडम तेवढ्या उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. माझ्या खांद्यावर शाल पडली.

मी खाली उतरणार, तेवढ्यात प्राचार्यांनी विभागाचा अहवाल वाचायला घेतला. हे प्राचार्य मूळचे स्टॅटिस्टिक्सचे.

"मराठी विभाग. निकाल शंभर टक्के. सर्वाधिक गुण, एक्केचाळीस. सर्वांत कमी, एक्केचाळीस. सरासरी, एक्केचाळीस."

ज्या स्टॅटिस्टिक्सला घाबरून मी कॉलेज सोडलं, त्याचं अख्खं कोष्टक शाल पांघरून स्टेजवर उभं होतं.